कधीच न बांधलेले जहाज आणि हरवलेली गुराब

(१) ‘जॅकडॉ’ नावाचे लढाऊ जहाज जगातल्या कोणत्याही गोदीत बांधले गेले नाही. २०१३ साली आलेल्या ‘असॅसिन्स क्रीड ४ : ब्लॅक फ्लॅग’ या व्हिडिओ गेमसाठी ते कल्पनेतून घडवले गेले. तरीही असंख्य खेळाडूंना त्याच्या डोलकाठ्या, शिडे आणि तोफांच्या रांगा तोंडपाठ आहेत. त्याच काळात कोकणच्या समुद्रावर खरोखर लढलेली मराठ्यांची गुराब मात्र आज डोळ्यांसमोर उभी राहत नाही. असे का झाले, त्याचा हा धागा.

(२) गेमचे कथानक १७१५ पासून कॅरिबियन समुद्रात घडते. जॅकडॉ हे दोन डोलकाठ्यांचे, ‘ब्रिग’ जातीचे जहाज. ते काल्पनिक असले तरी निराधार नाही. अठराव्या शतकातील ब्रिटिश नौदलाच्या जहाजांचे आराखडे ग्रिनिचच्या संग्रहालयात जपलेले आहेत. स्वीडनच्या चॅपमन या जहाजबांधणी-तज्ज्ञाने १७६८ साली जहाजांच्या रेखाटनांचा ६२ पटांचा ग्रंथच छापला. त्या काळचे जहाज कल्पनेने उभारू पाहणाऱ्यास असा भक्कम कागदी आधार मिळतो.

(३) आता त्याच वर्षांत पश्चिम किनाऱ्यावर काय चालले होते ते पाहू. सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या दस्तकाशिवाय या पाण्यातून व्यापार करणे धोक्याचे होते. १७१८ मध्ये मुंबईकर इंग्रजांनी खांदेरीवर चढाई केली, ती फसली. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले. तेही हात हलवत परतले.

(४) या आरमाराचे मूळ शोधताना समुद्रापासून दूर असलेल्या बुलढाणा जिल्ह्याचीही आठवण ठेवावी लागते. तिथले सिंदखेड राजा हे जिजाऊंचे जन्मस्थान. त्यांच्या पुत्राने १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतली आणि त्यानंतर खाडीच्या काठी स्वराज्याची जहाजे आकार घेऊ लागली.

(५) गुराब होती तरी कशी? कंपनीचा इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने तिचे वर्णन केले आहे. बहुधा दोन, क्वचित तीन डोलकाठ्या. दोन डोलकाठ्यांची गुराब सुमारे १५० टनांपर्यंतची, तीन डोलकाठ्यांची सुमारे ३०० टनांची. लांबीच्या मानाने रुंदी बरीच. तळ उथळ, म्हणून किनाऱ्यालगतच्या कमी पाण्यातही चालणारी. पुढे निमुळती होत गेलेली लांब नाळ, आणि तिच्यावरून थेट समोर मारा करणाऱ्या तोफा.

(६) गुराबेच्या जोडीला गलबते असत. त्यातले मोठेही सहसा ७० टनांच्या पुढे जात नसे. पण त्याला ४०-५० वल्ही असत. वारा पडला की युरोपीय जहाज जागीच खिळून राही. अशा वेळी गलबते वल्ह्यांच्या बळावर गुराबांना ओढत नेत आणि शत्रूच्या पिछाडीवर, जिथे त्याच्या तोफा थोड्या असत, नेमक्या तिथे त्यांना आणून उभ्या करीत.

(७) मग मराठ्यांनी काहीच लिहून ठेवले नाही काय? ठेवले. सुमारे १७१५ च्या ‘आज्ञापत्रा’त रामचंद्रपंत अमात्यांनी आरमारावर स्वतंत्र प्रकरण लिहिले. गुराबा फार मोठ्या नसाव्यात, फार लहान नसाव्यात. लाकडासाठी रयतेची झाडे बळाने तोडू नयेत, असा त्याचा आशय. राज्याचे धोरण कागदावर आले, पण फळी किती वाकवायची आणि नाळ किती पुढे काढायची हे माप सुताराच्या हातातच राहिले.

(८) ते माप ज्यात उतरले होते ती जहाजेही उरली नाहीत. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्गावर हल्ला केला. तुळाजी आंग्रे यांच्या विरोधातील या मोहिमेत पेशवेही इंग्रजांच्या बाजूने होते. आंग्र्यांनी पूर्वी इंग्रजांकडूनच जिंकलेल्या ‘रिस्टोरेशन’ जहाजावर तोफगोळा पडून आग लागली. ती पसरली आणि बंदरातला आरमारी काफिला जळून गेला.

(९) आरमार गेले आणि त्याचे वर्णन शत्रूच्या लेखणीवर सोपवले गेले. त्या लेखणीने आंग्र्यांना ‘चाचे’ म्हटले. २००७ च्या ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ मालिकेतील चित्रपटात ‘श्री संभाजी आंग्रिया’ नावाचे पात्र येते, तेही चाच्यांच्या सभेतच. सरखेलांचे घराणे जगाच्या करमणुकीत अशा रूपाने शिरले.

(१०) तरी आराखडा नसलेले जहाज पुन्हा उभे करणे अशक्य नाही. त्याचा दाखला बुलढाण्याच्या शेजारीच आहे. बुलढाणा शहर ज्या अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसले आहे, त्याच रांगेतील लेण्यांत पाचव्या शतकातील एका जहाजाचे चित्र आहे. ना लांबीचे माप, ना रुंदीचे; केवळ भिंतीवरचे रंग.

(११) त्या चित्रावरून २०२३ पासून गोव्यात जहाज बांधले गेले. केरळच्या कारागिरांनी खिळ्यांऐवजी काथ्याच्या दोरीने फळ्या शिवल्या. आयआयटी मद्रासने प्रतिकृतीच्या पाण्यातील चाचण्या घेतल्या. मे २०२५ मध्ये ‘कौंडिण्य’ या नावाने ते कारवार येथे नौदलात दाखल झाले. डिसेंबर २०२५ अखेर ते पोरबंदरहून निघाले आणि जानेवारीत मस्कतला पोहोचले.

(१२) अजिंठ्याच्या जहाजासाठी एका चित्राचा आणि शिवणकाम जाणणाऱ्या हातांचा आधार पुरला. गुराबेसाठी तर ऑर्मने दिलेली मापे आहेत, आज्ञापत्रातले धोरण आहे आणि कोकणात लाकडी नौका बांधणारे कारागीरही आहेत. हे कारागीर आता थोडे उरले आहेत. त्यांच्या हातातले माप आजच कागदावर उतरवून घेतले, तर उद्या गुराब संगणकाच्या पडद्यावर तरंगू शकेल आणि कदाचित खऱ्या पाण्यावरही.