मु. पो. पाण्याखाली

मराठी माणसाला अनोळखी माणूस भेटला की तो तीन प्रश्न क्रमानं विचारतो. नाव काय, आडनाव काय आणि गाव कोणतं. पहिल्या दोन प्रश्नांत त्याला जातीचा अंदाज येतो, तिसऱ्यात खात्री पटते. बहुतेकांना हा तिसरा प्रश्न सोपा जातो. आम्हा उजनीकाठच्या लोकांना मात्र समोरच्यालाच उलट विचारावं लागतं, "कोणतं सांगू? पाण्याखालचं का पाण्यावरचं?"

ऐकणाऱ्याला वाटतं, हा गडी सकाळीच थोडी घेऊन आलाय. तसं काही नसतं. आम्हाला खरोखरीच दोन गावं आहेत. एक जुनं, जे फक्त दुष्काळात दिसतं; आणि एक नवं, ज्याला पन्नास वर्षं व्हायला आली तरी आम्ही 'नवं'च म्हणतो. आमच्याकडे नवी सून सुद्धा इतके दिवस नवी राहत नाही.

थोडा इतिहास सांगतो. घाबरू नका, सनावळी फार नाही. माढा तालुक्यात उजनी गावाजवळ भीमेवर धरण बांधायला १९६६ साली सुरुवात झाली आणि ते १९८० साली पुरं झालं. पाणी मागं मागं सरकत गेलं आणि माढा, करमाळा, इंदापूर, दौंड, कर्जत या तालुक्यांतली गावं, मळे, देवळं आणि मसणवाटे सुद्धा पोटात घेऊन बसलं. जलाशयाला यशवंतसागर असं नाव दिलं. ज्या जिल्ह्यानं जन्मात समुद्र पाहिला नव्हता त्याला घरपोच सागर मिळाला.

या सागरात ११७ टीएमसी पाणी मावतं. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगतं. त्याला सतराचा पाढा येत नसेल, पण टीएमसी येतो. गंमत अशी, की या ११७पैकी ६३च्या वर टीएमसी हा 'मृतसाठा' आहे. म्हणजे धरण निम्म्याहून अधिक मेलेलंच असतं. उरलेलं ते जिवंत. जिवंत साठा संपला की टक्केवारी शून्याच्या खाली जाते. उन्हाळ्यात पेपरात येतं, 'उजनी उणे चाळीस टक्के'. बँकेत आमचं खातं उणे झालं तर साहेब घरी येतो. इथं धरण उणे झालं तरी पाणी उपसणं चालूच.

गाव उठलं तेव्हा लोकांनी घराची दारं, तुळया, पत्रे, देवघरातले देव आणि गावाचं नाव एवढं उचलून वर आणलं. पळसदेव असं वर आलं. पळसनाथाचं जुनं हेमाडपंती देऊळ खाली राहिलं. ज्याच्या नावानं गाव तोच पाण्यात, असा तो प्रकार.

नाव बरोबर न्यायची ही खोड सगळ्या जगाची आहे, हे मला माझ्या भाच्यामुळं कळलं. तो कॉम्प्युटरवाला. न्यू जर्सीला गेला, तेव्हा आमच्या थोरल्या आत्यांनी विचारलं, "जर्सी? म्हंजी गाईच्या गावाला गेला व्हय?" आम्ही हसलो. पण आत्या काही चुकल्या नव्हत्या. जर्सी हे इंग्लंड आणि फ्रान्सच्या मधलं एक बेट. गाय तिथलीच, आणि अमेरिकेतल्या त्या मुलखाला नावही तिथलंच दिलेलं. कुणीतरी बेट सोडून गेलं आणि जाताना नाव घेऊन गेलं. म्हणजे तेही आमच्यासारखंच नवं गाव. फरक एवढाच, की त्यांचं जुनं बेट अजून कोरडं आहे.

या भाच्याचं एक निरीक्षण मला आवडलं. तो गावात होता तेव्हा अमक्याचा नातू होता. करमाळ्यात गेला तेव्हा 'धरणग्रस्ताचं पोरगं' झाला. पुण्यात 'सोलापूरकडचा', मुंबईत 'घाटावरचा' आणि दिल्लीत 'मराठा'. अमेरिकेत उतरला आणि 'एशियन' झाला. जितकं लांब जावं तितकं गाव मोठं होतं आणि माणूस बारीक. आता जपानी, कोरियन, व्हिएतनामी आणि आमचा भाचा हे सगळे एकाच आळीतले. त्यांना सामानही 'एशियन' दुकानातून आणावं लागतं. तिथं एका बाजूला कोथिंबीर आणि दुसऱ्या बाजूला वळवळणारे खेकडे असतात म्हणे.

एका रात्री त्याचा फोन आला.

"मामा, चिलापी सापडली!"

"कुठं रे?"

"एशियन दुकानात. बर्फात. चीनवरून आलीय. इथं तिला तिलापिया म्हणतात."

आमच्या काठावर चिलापी म्हणजे काय हे सांगायला हवं. भिगवणला हायवेवरची हॉटेलं या माशावर उभी आहेत. पुण्याहून सोलापूरकडे निघालेला माणूस गाडीला काही झालेलं नसताना भिगवणला थांबतो, तो हिच्यासाठी. भाच्यानं ती मसाला लावून तळली, धुरानं घरातली घंटा वाजली आणि शेजारचं व्हिएतनामी कुटुंब धावत आलं. त्यांनी वास घेतला आणि ते म्हणाले, "अरे, हा तर आमचा मासा!" फिलिपिन्सचा एक दोस्त होता, तो म्हणाला, "आमचा!" भाचा तर मनगट चाटत सांगत होता, "उजनीचा!"

खरं म्हणजे ती तिघांचीही नव्हे. चिलापीचं मूळ गाव आफ्रिकेतलं, मोझांबिककडच्या नद्यांतलं. भारतात ती १९५२ साली आणली. वाढायला सोपी, खायला कशीही, पाणी कसलंही चालतं. या माशाची मादी अंडी तोंडात धरते आणि पिलंही काही दिवस तोंडातच सांभाळते. तोंडात पोरं घेऊन बिऱ्हाड हलवणारा हा प्राणी! मी तर म्हणतो, धरणग्रस्तांनी संघटना काढताना झेंड्यावर हाच मासा घ्यायला हवा होता.

धरणात मत्स्यबीज सोडलं गेलं ते कटला-रोहू-मृगळ अशा गंगेकडच्या पाहुण्यांचं. भीमेचे घरचे मासे म्हणजे मरळ आणि वाम. चिलापी मागून आली आणि अशी पसरली, की घरच्यांनाच बाजारात शोधावं लागतं. तिलापियाची चिलापी झाली, म्हणजे तिचं बारसंही आमच्याच भाषेत झालं. आता ती सातबाऱ्यावर नाव लागल्याच्या थाटात वावरते.

तुम्ही म्हणाल, हा सगळा परका मामला, आपली भाकरी बरी. वाचकहो, ज्वारी सुद्धा आफ्रिकेतूनच आली. फक्त काही हजार वर्षं आधी, म्हणून ती आजी आणि चिलापी ही नात. सोलापूरची शेंगाचटणी घ्या. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा, मिरची तिकडचीच, ती पोर्तुगीजांनी आणली. चटणीत अस्सल सोलापूरचं काय राहिलं, तर कुटणारीचा हात. ७२च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेची लाल मिलो आली, तेव्हा लोकांनी नाकं मुरडली. गुरांना घालायचं खाणं म्हणाले. ती मिलो म्हणजे ज्वारीचीच चुलत बहीण, आफ्रिकेतून अमेरिकेत जाऊन परत आलेली. परदेशी राहून आलेल्या नातेवाइकाकडं आपण जसं बघतो तसंच तिच्याकडं बघितलं. खाल्ली मात्र सगळ्यांनी.

मासा ताटात आला तेव्हाही असंच झालं. पूर्वी नदीत जाळं टाकणं हे भोई-कोळ्यांचं काम. पाटील-देशमुखांच्या घरात मासा शिजला तर मागल्या दारी, वेगळ्या चुलीवर, वेगळ्या तव्यात. त्यात निम्मं गाव माळकरी. हीच भीमा खाली पंढरपुरात चंद्रभागा होते ना! पण जमीन पाण्यात गेली आणि हातात काहीच उरलं नाही, तेव्हा कुणब्यांची पोरंही होडीत बसली. जात विचारणारे घाटच पाण्याखाली गेले होते. बुडालेल्या गोष्टींत ही एक बुडाली याचं मला फारसं दुःख नाही. अर्थात सगळी बुडाली असं समजू नका. काही गोष्टी मृतसाठ्यात शिल्लक राहतात आणि निवडणुका आल्या की वर येतात.

मला सांगायचंय ते एवढंच. मोझांबिकचा मासा काही वर्षांत 'उजनीचा' झाला; त्याला कुणी दाखला मागितला नाही. थंडीत मंगोलियाकडचे पट्टकदंब हिमालय ओलांडून भिगवण-कुंभारगावला उतरतात, रोहित पक्ष्यांचे थवे येतात, त्यांना 'पाहुणे' म्हणतात आणि फोटो काढायला पुण्या-मुंबईहून गाड्या येतात. आणि कोसभर अंतरावरून उठून आलेला माणूस? तो पन्नास वर्षं 'धरणग्रस्त'. ज्या गावाच्या शिवारात त्याला जमीन दिली, तिथले लोक त्याच्या घरांना अजून 'धरणग्रस्तांची वस्ती'च म्हणतात.

पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात झाला तो १९७६ साली. तोवर उजनीचं काम सुरू होऊन दहा वर्षं झाली होती. वरात वेशीत आल्यावर नवरदेवाचं माप घ्यायला शिंपी बोलवावा, तसं. पुढं सरकारी नोकरीत प्रकल्पग्रस्तांना पाच टक्के जागा मिळाल्या. त्यासाठी दाखला लागतो. अमेरिकावाल्या भाच्याचा धाकटा भाऊ एका कचेरीत गेला. तिथल्या भाऊसाहेबांनी विचारलं, "घर बुडालं याला पुरावा?"

"पुरावा पाण्यात आहे, साहेब."

"मग पाणी उतरल्यावर या."

थोरल्याला अमेरिकेचा व्हिसा याच्या आधी मिळाला.

पण रडगाणं एके रडगाणं गाण्यात अर्थ नाही. काठावर राहिलेल्यांनी मोटारी टाकून पाणी उचललं, ऊस केला, केळी लावली. करमाळा तालुक्यातल्या कंदरची केळी आखाती देशांत जातात. दुबईत राबणारा आपला माणूस जे केळं सोलतो ते आमच्या गाळावर पोसलेलं असू शकतं. उसाचं म्हणाल, तर साखर कारखान्यांच्या संख्येत सोलापूर जिल्हा राज्यात पुढं आहे. ज्यांची गावं गेली त्यांचा चहा मात्र महाराष्ट्राइतकाच गोड, त्यात जादा चमचा नाही.

आणि हे पाणी तरी कसलं? पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून आमच्याकडं येतं. वर जलपर्णीची हिरवी सतरंजी. तीही दक्षिण अमेरिकेहून आलेली. तरी या पाण्यावरून भांडणं काही कमी नाहीत. २०२१ साली उजनीत येणारं पाच टीएमसी 'सांडपाणी' इंदापूरकडं नेण्याचा आदेश निघाला. सोलापूरकर खवळले, आंदोलनं झाली आणि आदेश रद्द झाला. दोन जिल्ह्यांनी सांडपाण्यासाठी भांडावं असा प्रसंग जगाच्या इतिहासात फारसा आला नसेल.

आता एक गोष्ट हसत सांगता येत नाही. आमच्या आत्यांना नदीपल्याड दिलं होतं. उन्हाळ्यात पाणी घोट्याएवढं असायचं. आत्या डोक्यावर पाटी घेऊन पात्रातून चालत माहेरी यायच्या, पाटीत गूळ-शेंगा. धरण झालं आणि माहेर तालुका ओलांडून, एसटी बदलत यावं लागेल इतकं लांब गेलं. अशा सोयरिकी दोन्ही काठांवर घरोघर आहेत. लांबचा फेरा टाळायचा तर होडी. २१ मे २०२४ला संध्याकाळी कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा माणसं गेली. मग पुलाची चर्चा जोरात झाली. धरणाला चाळीसहून अधिक वर्षं झाली होती.

त्याच उन्हाळ्यात उजनी उणे साठच्या आसपास गेली. पळसनाथाचं देऊळ उघडं पडलं आणि लोक मोबाईल घेऊन धावले. आमचं जुनं गावही गाळातून वर आलं. आत्या आता ऐंशीच्या पुढं. "मला न्या" म्हणून हटून बसल्या. नेलं. चौथरे ओळखत ओळखत त्या बरोबर आमच्या घराशी आल्या. माजघराच्या जागी जमिनीत पुरलेलं दगडी उखळ तसंच होतं. पुरलेलं उखळ कोण उपटून नेणार? गाव उठलं तेव्हा तेवढं राहिलं. आत्यांनी आयुष्यातली पहिली चटणी त्यातच कुटलेली.

त्यांनी पदर खोचला आणि हातानं गाळ काढायला वाकल्या. उखळात वीतभर पाणी साचलेलं होतं आणि त्यात बोटाएवढी चिलापी फिरत होती. बरोबरचं पोरगं म्हणालं, "आजी, काढू का? भुजून खाऊ."

आत्या माळकरी. त्यांनी पोराचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे तिला. घर रिकामंच पडलं हुतं. भाडं देत न्हाई म्हणून काय भाईर काढायचं व्हय?"

मग शेजारच्या चौथऱ्यावर बसून आम्ही भाकरी सोडली. तोंडी लावायला चटणी होती.