दुर्मीळ लिव्हरवर्ट कसं ओळखतात? नुसता फोटो का पुरत नाही?

पावसाळ्यात पन्हाळा, गगनबावडा, राधानगरी परिसरातल्या भिंती, दरडी आणि ओढ्यांचे काठ हिरवेगार होतात. या हिरवाईला सरसकट ‘शेवाळ’ म्हटलं जातं. प्रत्यक्षात त्यात मॉस आणि लिव्हरवर्टही असतात.

लिव्हरवर्ट म्हणजे काय?

मराठीत यांना ‘यकृतका’ म्हणतात. काहींचा आकार यकृताच्या पाळीसारखा असतो, त्यावरून हे नाव पडलं. यांना फुलं, बिया आणि खरी मुळं नसतात. प्रसार बीजाणूंनी होतो. जगात यांच्या ७ हजारांहून अधिक जाती आहेत.

अंधारात चमकणारी वनस्पती

सायथोडियम हा यातलाच एक उष्णकटिबंधीय वंश. तो दमट, अंधाऱ्या कपारींत वाढतो. त्याचं पोपटी शरीर अतिशय पातळ असतं आणि मंद उजेडात चमकतं. हा त्याचा स्वतःचा प्रकाश नसतो, बाहेरून आलेला उजेड परावर्तित होतो. यातल्या एका जातीचं वर्णन ए. आर. चव्हाण यांनी १९३७ मध्ये केलं. बडोद्यावरून तिला ‘सायथोडियम बरोडे’ हे नाव मिळालं.

ओळख कशी पटते?

- मार्कँशिया : अंगावर छोट्या वाट्या
- रिक्सिया : बीजाणू शरीराच्या आतच तयार होतात
- टार्जिओनिया : टोकाखाली काळपट, शिंपल्यासारखं आवरण

एवढ्यावरून फार तर वंश कळतो. सायथोडियमची नेमकी जात ठरवताना पक्व बीजाणूंवरची नक्षी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते. ती मोबाईलच्या फोटोत दिसत नाही.

नोंद कशी होते?

अभ्यासक अगदी थोडा नमुना घेऊन कागदी पाकिटात ठेवतात. पाकिटावर तारीख, ठिकाण, अक्षांश-रेखांश, उंची आणि वनस्पती दगडावर होती की मातीवर, हे लिहितात. अनेक लिव्हरवर्टच्या पेशींतले तेलाचे थेंब वाळल्यावर नाहीसे होतात, म्हणून ते ताजेपणीच तपासतात. मग क्रमांक देऊन नमुना हर्बेरियममध्ये जमा होतो. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचं असं हर्बेरियम आहे. पुढे कुणाला शंका आली, तर तोच नमुना पुन्हा तपासता येतो. राधानगरीसारख्या अभयारण्यात मात्र वनविभागाच्या परवानगीशिवाय काहीही उचलता येत नाही.

सामान्य माणूस काय करू शकतो?

शेजारी नाणं ठेवून जवळून फोटो काढावा, तारीख आणि जागा टिपावी आणि वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासकाला कळवावं. वनस्पती उपटू नये. दुर्मीळ जात कधी एखाद्याच दरडीवर असते. नोंद नसेल, तर घाटरस्ता रुंद करताना ती गेली हेही कुणाला कळत नाही.