मॅक्स फॉन सिडो

मॅक्स फॉन सिडो (जन्मनाव: कार्ल अडोल्फ फॉन सिडो, १० एप्रिल, १९२९, लुंड, स्वीडन – ८ मार्च, २०२०, प्रोव्हान्स, फ्रान्स) हे स्वीडिश चित्रपट व रंगभूमी अभिनेते होते. २००२ साली त्यांनी फ्रान्सचे नागरिकत्व घेतले. दिग्दर्शक इंगमार बर्गमन यांच्या अकरा चित्रपटांतील भूमिकांमुळे ते जगभर ओळखले गेले. त्यानंतरच्या अर्धशतकात त्यांनी स्वीडन, डेन्मार्क, अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, इटली व जर्मनी येथील शंभरांहून अधिक चित्रपटांत काम केले. त्यांच्या आडनावाचा स्वीडिश उच्चार 'स्युदोव' असा असला, तरी इंग्रजी वळणाचा 'सिडो' हा उच्चारच अधिक रूढ आहे.

त्यांच्या कारकिर्दीत दोन समांतर प्रवाह दिसतात. इंग्रजी चित्रपटांनी त्यांची उंच शरीरयष्टी, खोल आवाज आणि परकी उच्चारशैली यांचा उपयोग मुख्यतः धर्मगुरू, शास्त्रज्ञ, मारेकरी व खलपुरुष यांच्यासाठी करून घेतला. सामान्य शेतकरी, भित्रा कलावंत किंवा हतबल बाप अशा भूमिका मात्र त्यांना बहुधा स्कँडिनेव्हियातच मिळाल्या, आणि त्यांच्या अभिनयाचा खरा आवाका याच भूमिकांत दिसतो.

पूर्वायुष्य

फॉन सिडो यांचा जन्म दक्षिण स्वीडनमधील स्कोन प्रांतातील लुंड या विद्यापीठाच्या गावी झाला. वडील कार्ल विल्हेल्म फॉन सिडो हे लुंड विद्यापीठात लोकसाहित्याचे प्राध्यापक होते. एकच लोककथा निरनिराळ्या प्रदेशांत स्थानिक रूपे कशी धारण करते, याविषयीची त्यांची मांडणी लोकसाहित्याच्या अभ्यासात आजही महत्त्वाची मानली जाते. आई मारिया मार्गारेता रापे या सरदार घराण्यातील असून शिक्षिका होत्या. घरातील वातावरण लुथेरन पंथाचे होते. फॉन सिडो स्वतः मात्र पुढे अज्ञेयवादी झाले.

लुंडच्या कॅथेड्रल शाळेत त्यांचे शिक्षण झाले व तेथेच लहान वयात ते इंग्रजी शिकले. शालेय वयात मालमो येथे शेक्सपिअरच्या 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम'चा प्रयोग पाहून त्यांना नाटकाचे वेड लागले आणि मित्रांसह त्यांनी एक हौशी नाट्यमंडळी सुरू केली. शाळेनंतर त्यांनी सैन्याच्या रसदपुरवठा विभागात सक्तीची लष्करी सेवा केली. 'मॅक्स' हे नाव त्यांनी याच काळात घेतले. पिसवांच्या सर्कशीतील एका 'कलाकार' पिसवाचे ते नाव होते. पुढे पडद्यावर गांभीर्याचे प्रतीक ठरलेल्या या नटाच्या नावाचा उगम असा विनोदी आहे.

१९४८ ते १९५१ या काळात स्टॉकहोम येथील रॉयल ड्रॅमॅटिक थिएटरच्या नाट्यविद्यालयात त्यांनी अभिनयाचे शिक्षण घेतले. विद्यार्थी असतानाच आल्फ शोबेरी यांच्या 'ओन्ली अ मदर' (१९४९) आणि 'मिस ज्युली' (१९५१) या चित्रपटांत त्यांना छोट्या भूमिका मिळाल्या.

मालमो आणि बर्गमन यांची नाटकमंडळी

शिक्षणानंतरची चार वर्षे फॉन सिडो यांनी नॉरशोपिंग-लिनशोपिंग आणि हेल्सिंगबोरी येथील नगरनाट्यगृहांत उमेदवारी केली. १९५५ साली ते मालमो नगरनाट्यगृहात दाखल झाले. बर्गमन त्या वेळी तेथे दिग्दर्शक होते. त्यांच्या हाताखाली फॉन सिडो यांनी टेनेसी विल्यम्सच्या 'कॅट ऑन अ हॉट टिन रूफ'मधील ब्रिक, इब्सेनचा पेर गुंट, मोलिएरच्या 'मिझान्थ्रोप'मधील आल्सेस्त आणि गटेच्या 'उरफाउस्ट'मधील फाउस्ट या भूमिका केल्या.

बर्गमन यांच्या त्या काळातील चित्रपटांची घडण या मंडळीत झाली, हे ध्यानात घेणे आवश्यक आहे. हिवाळ्यात नाटके करायची व उन्हाळ्यात त्याच नटांना घेऊन चित्रपट काढायचा, असा क्रम होता. नटांना एकमेकांची आणि दिग्दर्शकाची सवय असे, त्यामुळे चित्रीकरण थोड्या दिवसांत व थोड्या खर्चात पूर्ण होई. आज नायकाच्या भूमिकेत असलेला नट पुढच्या चित्रपटात दोन मिनिटांसाठीही येई. फॉन सिडो 'द सेव्हन्थ सील'चे नायक होते, पण त्याच वर्षीच्या 'वाइल्ड स्ट्रॉबेरीज'मध्ये ते पेट्रोलपंपावरील साध्या माणसाच्या भूमिकेत क्षणभरच दिसतात.

द सेव्हन्थ सील

१९५६ च्या उन्हाळ्यात चित्रित झालेला व १९५७ साली प्रदर्शित झालेला हा चित्रपट बर्गमन यांच्याच 'लाकडावरील चित्र' या एकांकिकेवर आधारलेला आहे. धर्मयुद्धावरून दहा वर्षांनी परतलेला सरदार अँटोनियस ब्लॉक प्लेगने ग्रासलेल्या मायदेशी पाऊल ठेवतो, तोच साक्षात मृत्यू त्याला न्यायला येतो. सरदार त्याला बुद्धिबळाचे आव्हान देतो व डाव चालू असेपर्यंतची मुदत मिळवतो. ताएबी येथील चर्चमध्ये मध्ययुगीन चित्रकार अल्बेर्तुस पिक्टोर याने रंगवलेले मृत्यूबरोबरच्या बुद्धिबळाचे चित्र या कल्पनेमागे होते. समुद्रकाठचा प्रसिद्ध प्रसंग स्कोनमधील होव्स हालार येथील खडकाळ किनाऱ्यावर चित्रित झाला.

फॉन सिडो त्या वेळी अवघ्या सत्तावीस वर्षांचे होते. सरदाराचा थकवा त्यांनी रंगभूषेपेक्षा संयत हालचालींतून व्यक्त केला. कबुलीजबाबाच्या दृश्यात सरदार ईश्वराच्या मौनाविषयी पाद्र्याजवळ मन मोकळे करतो आणि बोलण्याच्या ओघात आपली बुद्धिबळातील चालही सांगून टाकतो. जाळीपलीकडे पाद्री नसून मृत्यूच आहे, हे त्याला उशिरा कळते. फसवणूक उघड झाल्यावर फॉन सिडो यांच्या चेहऱ्यावर प्रथम संताप येतो आणि मागोमाग स्वतःच्या हातात वाहणाऱ्या रक्ताचे कौतुक उमटते. अखेरीस सरदार मुद्दाम सोंगट्या उधळतो, ते एका गरीब डोंबारी कुटुंबाला निसटून जायला वेळ मिळावा म्हणून. चित्रपटाला कान महोत्सवात परीक्षकांचे विशेष पारितोषिक मिळाले. पुढे या दृश्याची इतकी विडंबने झाली, की मूळ चित्रपट न पाहिलेल्यांनाही ते परिचित असते.

बर्गमन यांचे इतर चित्रपट

'द मॅजिशियन' (१९५८) या चित्रपटात फॉन सिडो यांनी मुका असल्याचे सोंग घेणाऱ्या जादूगाराची भूमिका केली. 'द व्हर्जिन स्प्रिंग' (१९६०) हा एका मध्ययुगीन पोवाड्यावर आधारलेला चित्रपट होय. त्यात त्यांनी साकारलेला जमीनदार टोरे याच्या मुलीवर गुराखी बलात्कार करून तिला ठार मारतात आणि नकळत त्याच्याच घरी आश्रयाला येतात. सूड घेण्यापूर्वी टोरे माळावरील एकाकी बर्च वृक्षाशी झुंजून तो आडवा करतो. या दृश्यात एकही शब्द नाही. दुःखाला देहाची भाषा देणारा हा प्रसंग त्यांच्या सर्वोत्तम कामांपैकी एक मानावा लागेल. या चित्रपटाला व पाठोपाठच्या 'थ्रू अ ग्लास डार्कली' (१९६१) यालाही सर्वोत्कृष्ट परभाषी चित्रपटाचा ऑस्कर पुरस्कार मिळाला.

'विंटर लाइट' (१९६३) मधील कोळी योनास याची भूमिका लहान आहे. चीन अणुबॉम्ब बनवणार या बातमीने तो खचला आहे. तो धीर मागायला पाद्र्याकडे जातो, तेव्हा पाद्री स्वतःच्याच अश्रद्धेची कहाणी त्याला ऐकवतो. फॉन सिडो यांना येथे प्रामुख्याने ऐकण्याचेच काम आहे, आणि ते त्यांनी असे केले आहे की योनासचा शेवट प्रेक्षकाला आधीच कळून चुकतो.

१९६८ व १९६९ या दोन वर्षांत 'अवर ऑफ द वुल्फ', 'शेम' आणि 'द पॅशन ऑफ ॲना' हे तीन चित्रपट आले. तिन्हींत लिव्ह उलमान त्यांच्या सहकलाकार होत्या. यांपैकी 'शेम'मध्ये त्यांनी वठवलेला व्हायोलिनवादक यान विशेष उल्लेखनीय आहे. प्रारंभी कोंबडीही मारू न शकणारा हा हळवा, रडवा माणूस युद्धाच्या रेट्याखाली थंडपणे माणसे मारू लागतो. युद्ध माणसाला शूर करते या समजुतीला या भूमिकेने छेद दिला. 'द टच' (१९७१) हा या जोडीचा शेवटचा चित्रपट ठरला. पुढे 'फॅनी अँड अलेक्झांडर' (१९८२) मधील बिशपच्या भूमिकेसाठी बर्गमन यांना फॉन सिडो हवे होते, पण ते जुळून आले नाही व ती भूमिका यान मालमशो यांनी केली.

हॉलिवूड

जॉर्ज स्टीव्हन्स यांच्या 'द ग्रेटेस्ट स्टोरी एव्हर टोल्ड' (१९६५) मधील येशू ख्रिस्त ही त्यांची पहिली अमेरिकी भूमिका होय. अमेरिकी प्रेक्षकांना तोपर्यंत फारसा ठाऊक नसलेला चेहरा या भूमिकेसाठी निवडला गेला. भव्य चित्रपट म्हणून त्याचा गाजावाजा झाला, मात्र अपेक्षित यश मिळाले नाही. पाठोपाठ 'हवाई' (१९६६) मध्ये ते कर्मठ मिशनऱ्याच्या भूमिकेत दिसले. त्यात त्यांच्या क्लास व हेन्रिक या दोन मुलांनी मिशनऱ्याच्या मुलाची निरनिराळ्या वयांतील रूपे साकारली.

'द एक्झॉर्सिस्ट' (१९७३) या विल्यम फ्रीडकिन दिग्दर्शित भयपटातील वृद्ध फादर मेरिन ही त्यांची जगात सर्वाधिक पाहिली गेलेली भूमिकांपैकी एक आहे. चित्रीकरणाच्या वेळी त्यांचे वय चव्वेचाळीसच्या आसपास होते. रंगभूषाकार डिक स्मिथ यांनी त्यांना तीस वर्षांनी म्हातारे केले, आणि ते इतके बेमालूम साधले की कित्येकांना तेच त्यांचे खरे वय वाटले. पुढील चाळीस वर्षे ते काम करीतच राहिले, तेव्हा अनेकांना आश्चर्य वाटले ते याच कारणाने.

यानंतर इंग्रजी चित्रपटांतील त्यांच्या भूमिकांचा साचा बहुतांशी ठरून गेला. 'थ्री डेज ऑफ द कॉन्डोर' (१९७५) मधील सभ्य, हिशेबी भाडोत्री मारेकरी जूबेर हा या साच्यातला सर्वात अस्सल नमुना होय. 'फ्लॅश गॉर्डन' (१९८०) मधील सम्राट मिंग, जेम्स बाँडच्या 'नेव्हर से नेव्हर अगेन' (१९८३) मधील ब्लोफेल्ड आणि 'नीडफुल थिंग्ज' (१९९३) मधील सैतानी दुकानदार हेही याच पठडीतले. अशा प्रकारे एका अज्ञेयवादी नटाने पडद्यावर ख्रिस्त, मिशनरी, भूतबाधा उतरवणारा पाद्री आणि सैतान ही सर्व पात्रे रंगवली. वूडी ॲलन यांच्या 'हॅना अँड हर सिस्टर्स' (१९८६) मधील तुसडा, एकाकी चित्रकार हा या काळातील सुखद अपवाद होय.

शेतकरी, स्थलांतरित आणि म्हातारे

यान ट्रोएल यांचे 'द एमिग्रंट्स' (१९७१) आणि 'द न्यू लँड' (१९७२) हे दोन चित्रपट विल्हेल्म मोबेरी यांच्या कादंबऱ्यांवर आधारलेले आहेत. एकोणिसाव्या शतकात स्मोलंडच्या दगडाळ जमिनीवर पोट भरेना, म्हणून अमेरिकेतील मिनेसोटात जाऊन वसलेल्या शेतकरी कुटुंबाची ही कथा आहे. फॉन सिडो यांचा कार्ल ऑस्कर फारसा बोलत नाही. दगड उपसणे, झाड तोडणे, जमिनीची मोजणी करणे यांतूनच तो कळत जातो. 'द एमिग्रंट्स'ला परभाषी असूनही सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या मुख्य विभागात ऑस्कर नामांकन मिळाले.

त्यांच्या कारकिर्दीचा कळस मात्र 'पेले द कॉन्करर' (१९८७) हा होय. डॅनिश लेखक मार्टिन अँडरसन नेक्से यांच्या कादंबरीवरील या चित्रपटाचे दिग्दर्शन बिले ऑगस्ट यांनी केले. स्वीडनमधून पोटासाठी डेन्मार्कच्या बोर्नहोल्म बेटावर आलेला विधुर शेतमजूर लासे आणि त्याचा लहान मुलगा पेले यांची ही कहाणी आहे. मुलाला छळणाऱ्याला धडा शिकवण्याच्या वल्गना लासे करतो, पण मालकाच्या माणसापुढे उभे राहताच त्याची मान खाली जाते. बापाचा हा दुबळेपणा मुलाला दिसतो, आणि मुलाला तो दिसला हे बापालाही कळते. सरदार, सम्राट आणि मसीहा यांच्या भूमिकांत ताठ उभा राहिलेला सहा फुटांहून उंच देह येथे पोक काढून, नजर चोरून वावरतो. चित्रपटाला कानचे सुवर्ण पाम आणि परभाषी चित्रपटाचा ऑस्कर असे दोन्ही सन्मान मिळाले. फॉन सिडो यांना युरोपीय चित्रपट पुरस्कार मिळाला व सर्वोत्कृष्ट अभिनेत्याच्या ऑस्करसाठी नामांकन मिळाले. तो पुरस्कार त्या वर्षी 'रेन मॅन'साठी डस्टिन हॉफमन यांना देण्यात आला.

१९८८ साली त्यांनी हेर्मान बांग यांच्या कादंबरीवरून 'कातिंका' हा त्यांचा एकमेव चित्रपट दिग्दर्शित केला. त्याला स्वीडनचा गुलबागे पुरस्कार लाभला. बर्गमन यांनी आपल्या आईवडिलांच्या विवाहावर लिहिलेल्या 'द बेस्ट इन्टेन्शन्स' (१९९२) मध्ये त्यांनी बर्गमन यांच्या आजोबांवर बेतलेले पात्र साकारले.

ट्रोएल यांच्या 'हाम्सुन' (१९९६) मध्ये ते नोबेलविजेते नॉर्वेजियन लेखक क्नुट हाम्सुन झाले. वार्धक्यात नाझींची बाजू घेणारा, बहिरा व हट्टी लेखक त्यांनी सहानुभूती न मागता उभा केला. या चित्रपटात फॉन सिडो स्वीडिश बोलतात, पत्नीच्या भूमिकेतील गीता नॉर्बी डॅनिश बोलतात आणि इतर पात्रे नॉर्वेजियन. स्कँडिनेव्हियन प्रेक्षकांना यात अडचण वाटली नाही.

उत्तरायुष्य

१९५१ साली त्यांचा विवाह अभिनेत्री क्रिस्तिना ओलिन यांच्याशी झाला व १९७९ साली घटस्फोट झाला. १९९७ साली त्यांनी फ्रेंच माहितीपटकार कॅथरीन ब्रेले यांच्याशी विवाह केला आणि ते पॅरिसमध्ये स्थायिक झाले. फ्रेंच नागरिक होताना त्यांना स्वीडनचे नागरिकत्व सोडावे लागले. २०१२ साली फ्रान्सने त्यांना 'लेजिओं दॉनर' हा सन्मान दिला.

वयाच्या सत्तरीनंतरही त्यांचे काम थांबले नाही. 'मायनॉरिटी रिपोर्ट' (२००२), 'शटर आयलंड' (२०१०) हे चित्रपट तरुण प्रेक्षकांपर्यंत पोहोचले. 'द डायव्हिंग बेल अँड द बटरफ्लाय' (२००७) या फ्रेंच चित्रपटात ते अर्धांगाने जखडलेल्या नायकाच्या म्हाताऱ्या वडिलांच्या भूमिकेत आहेत. मुलगा त्यांची दाढी करून देतो, तो प्रसंग तसेच मुलाशी फोनवर बोलताना त्यांना फुटणारे रडू, ही दोन दृश्ये विसरता येत नाहीत. 'एक्स्ट्रीमली लाउड अँड इन्क्रेडिबली क्लोज' (२०११) मधील मुक्या भाडेकरूसाठी त्यांना वयाच्या ८२ व्या वर्षी दुसरे ऑस्कर नामांकन मिळाले. उच्चारशैलीमुळे हॉलिवूडने ज्यांना जन्मभर 'परका' ठरवले, त्यांना अमेरिकी चित्रपटासाठी मिळालेले एकमेव नामांकन एकही शब्द न बोलणाऱ्या भूमिकेसाठी होते. ऑस्कर पुरस्कार त्यांना कधीच मिळाला नाही.

'स्टार वॉर्स: द फोर्स अवेकन्स' (२०१५) च्या सुरुवातीच्या प्रसंगात आणि 'गेम ऑफ थ्रोन्स' या मालिकेच्या सहाव्या पर्वात (२०१६) तीन डोळ्यांच्या कावळ्याच्या रूपात ते दिसले, मालिकेतील भूमिकेसाठी त्यांना एमी नामांकन मिळाले. ८ मार्च, २०२० रोजी प्रोव्हान्स येथे वयाच्या ९० व्या वर्षी त्यांचे निधन झाले. दुसऱ्या महायुद्धात ग्रीसमधील कालाव्रिता येथे नाझींनी केलेल्या हत्याकांडावरील 'इकोज ऑफ द पास्ट' हा त्यांचा अखेरचा चित्रपट त्यांच्या मृत्यूनंतर प्रदर्शित झाला.