चवदार तळे : पाण्याचा हक्क आणि पुढाऱ्याचा संयम



चैत्र-वैशाख लागला की आपल्या टोकावड्याच्या पंचक्रोशीत, मुरबाड-शहापूरच्या वाड्यापाड्यांवर बोलणं फिरून फिरून एकाच गोष्टीवर येतं. पाणी! तानसा आणि भातसा ही धरणं शहापूर तालुक्यात. त्यांचं पाणी मुंबईला जातं आणि त्याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. टँकर आला की हंड्याला हंडा लागतो. हंड्यावरून निघालेलं भांडण आळीवर आणि जातीवर कधी जातं, ते कळतही नाही. अशा वेळी दोन प्रकारची माणसं पुढे येतात. एक चिथावणारी आणि दुसरी आवरणारी. चिथावणाऱ्याला टाळ्या मिळतात. आवरणाऱ्याला आपल्याच माणसांची बोलणी खावी लागतात.

महाडचा सत्याग्रह आपण दरवर्षी आठवतो. २०२७ हे त्याचे शतकवर्ष. बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी प्याले, हे लहान मुलालाही ठाऊक आहे. परंतु त्यानंतरच्या काही तासांत त्यांनी काय केले, त्याची चर्चा फार होत नाही. माझ्या मते पुढारीपणाचा खरा धडा तिथे आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी पाहू. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशाने बांधलेले किंवा चालविलेले पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव होता. त्याला धरून महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले केले. नगराध्यक्ष होते सुरेंद्रनाथ टिपणीस. पण ठराव कागदावरच राहिला. तळ्यावर जायची कुणाची छाती होईना.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. तिच्यासाठी रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारख्या तरुण कार्यकर्त्यांनी आणि अनंतराव चित्रे यांनी खूप खपून तयारी केली होती. गावागावांतून हजारोंच्या संख्येने माणसं चालत आली. गावात तळं भरलेलं आणि परिषदेला पाणी मात्र पैसे मोजून विकत घ्यावं लागलं! २० तारखेला परिषदेची मंडळी शिस्तीने मिरवणुकीने तळ्यावर गेली, पाणी प्याली आणि परत फिरली.

त्यानंतर दोनेक तासांत गावात हूल उठली की, आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार आहेत. तसा कुणाचा विचारही नव्हता. पण अफवेला पाय लागत नाहीत. जमाव लाठ्याकाठ्या घेऊन मंडपात घुसला. माणसं जेवत होती, कुणी गाठोडी बांधून घरच्या वाटेला लागत होती. अन्न मातीत मिसळलं गेलं. रस्त्यात एकट्यादुकट्याला गाठून मारलं. सुमारे वीस जण चांगलेच जखमी झाले. काही मुसलमान घरांनी पळणाऱ्यांना दार उघडून आसरा दिला, ही गोष्टही विसरू नये.

बाबासाहेब तेव्हा डाक बंगल्यात उतरले होते. तिथे शेकडो तरणेबांड लोक जमा झाले. त्यात पलटणीत नोकरी केलेले पेन्शनर होते. लढाई त्यांनी पाहिली होती. मार खाऊन परत जायचं हे त्यांना सोसत नव्हतं. साहेबांच्या एका शब्दाची वाट होती. संख्येनं ते कमी नव्हते आणि त्या दिवशी महाडात रक्ताचा सडा पडायला वेळ लागला नसता.

तो शब्द बाबासाहेबांनी दिला नाही. गावातल्या अधिकाऱ्यांना त्यांनी सुनावले की, दुसऱ्या बाजूला आवरणे हे तुमचे काम, आमच्या माणसांची हमी मी घेतो. मग स्वतः रस्त्यावर जाऊन त्यांनी परिस्थिती पाहिली, जखमींची विचारपूस केली आणि आपल्या लोकांना हात उगारू दिला नाही.

हा भित्रेपणा होता का? त्या वेळी काहींना तसं वाटलंही असेल. पण विचार करा. परिषदेला आलेली माणसं रात्री महाडात राहणार नव्हती. ती आपापल्या खेड्यात जाणार होती, जिथे आपली घरं चार आणि समोरची चाळीस. महाडात घेतलेल्या सुडाची किंमत त्या चार घरांतल्या बायापोरांना मोजावी लागली असती. पुढाऱ्याची माया ती हीच. समोर उभ्या असलेल्या संतापलेल्या तरुणांबरोबर दूरच्या खेड्यातली म्हातारी त्याच्या डोळ्यासमोर असावी लागते.

आणि संयम म्हणजे गप्प बसणं नव्हे, हेही बाबासाहेबांनी दाखवून दिलं. हल्लेखोरांवर खटले झाले. पाच जणांना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. ३ एप्रिल १९२७ पासून ‘बहिष्कृत भारत’ पाक्षिक सुरू झाले. इकडे महाडात तळं ‘शुद्ध’ करून घेतलं गेलं आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. तेव्हा डिसेंबरात पुन्हा सत्याग्रहाची हाक दिली गेली.

दरम्यान ब्राह्मणेतर पक्षाचे जेधे आणि जवळकर यांनी पाठिंबा देऊ केला, पण अट घातली की चळवळीत ब्राह्मण नकोत. पाठिंब्याची गरज मोठी होती. तरीही बाबासाहेबांनी अट नाकारली. आपला झगडा जन्माच्या ब्राह्मणाशी नाही, उच्चनीच मानणाऱ्या वृत्तीशी आहे, ही त्यांची भूमिका होती. २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीचे दहन झाले. तो ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मणच होते. त्या परिषदेच्या मंडपाला हिंदूंपैकी कुणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जागा दिली. समाज दुभंगलेला असला तरी माणुसकीचे धागे अधूनमधून शिल्लक असतात. ते शोधून जपणे हे पुढाऱ्याचे काम.

डिसेंबरातही कसोटीचा क्षण आला. कोर्टाने तात्पुरता मनाई हुकूम काढला होता. हजारो लोक तुरुंगात जायला नावं देऊन बसले होते. अशा भरात आलेल्या लोकांना माघारी वळवणं हे तळ्यावर नेण्यापेक्षा अवघड. बाबासाहेबांनी त्यांना समजावून सत्याग्रह तहकूब करविला. तळ्याभोवती मिरवणूक निघाली, पाण्याला कुणी हात लावला नाही. लोक निराश झाले असतील, पण फुटले नाहीत.

त्यानंतर दावा चालला तो जवळजवळ दहा वर्षे. महाडचे कोर्ट, मग आपल्या ठाण्याचे कोर्ट आणि शेवटी मुंबई हायकोर्ट. १७ मार्च १९३७ रोजी हायकोर्टाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. एका ओंजळीसाठी दहा वर्षे! एवढा काळ लोकांची आशा तेवत ठेवायची तर रागाचं इंधन पुरत नाही. आपली बाजू न्यायाची आहे, हा भरवसा लागतो.

आणखी एक गोष्ट इथे जोडावीशी वाटते. बाबासाहेबांच्या निधनानंतर १९५७ साली ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा त्यांचा ग्रंथ इंग्रजीत प्रसिद्ध झाला. त्यात सिद्धार्थाने घर का सोडले? म्हातारा, रोगी, प्रेत पाहून नव्हे. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात तंटा झाला. शाक्य संघ युद्धाला निघाला. सिद्धार्थ म्हणाला, पंच नेमा, बोलणी करा. मतदानात तो हरला आणि आपल्याच माणसांविरुद्ध एकटा पडून त्याने परिव्रज्या पत्करली. चवदार तळ्याच्या पाण्यासाठी झगडताना ज्याने आपल्या माणसांचे हात आवरले, त्यानेच पुढे पाण्याचा तंटा बुद्धाच्या गृहत्यागाच्या मुळाशी ठेवला. मला तरी हा निव्वळ योगायोग वाटत नाही.

तेव्हा विहारात येणाऱ्या आपल्या तरुण मुलांना एवढंच सांगणं आहे. टँकरवर, ग्रामसभेत, निवडणुकीत, जयंतीच्या मिरवणुकीत कुणी डिवचलं तर महाडचा डाक बंगला आठवा. हक्क सोडू नका. तक्रार लिहा, साक्षीदार उभे करा, कोर्टात जा, दहा वर्षे लागली तरी चालतील. पण आपल्यामागे कोणाची चार घरं आहेत, याचा विचार हात उचलण्याआधी करा. आणि पलीकडच्या आळीत एखादा टिपणीस, एखादा फत्तेखान असेल, तर त्याच्या घराची वाट मोडू देऊ नका.

जयभीम!