मेंदूमृत्यू आणि संमती

मस्तिष्क स्तंभाचे सर्व कार्य कायमचे थांबून ते परत सुरू होण्याची शक्यता उरत नाही, त्या अवस्थेस मेंदूमृत्यू म्हणतात. श्वसनाचे नियंत्रण या स्तंभाकडे असते. ते नष्ट झाले, तरी श्वसनयंत्राच्या साहाय्याने हृदय काही काळ चालू राहते. त्यामुळे नाडी लागणाऱ्या व अंग उबदार असलेल्या माणसास मृत कोणी ठरवावे आणि त्यात आप्तांच्या संमतीला कोणते स्थान असावे, असे प्रश्न निर्माण झाले.

पॅरिस येथील मोलारे व गूलाँ यांनी १९५९ मध्ये या अवस्थेचे वर्णन केले. डिसेंबर १९६७ मध्ये बर्नार्ड यांनी केपटाउन येथे पहिले मानवी हृदयारोपण केले. त्यानंतर लवकरच, फेब्रुवारी १९६८ मध्ये, मुंबईच्या राजे एडवर्ड स्मारक (के. ई. एम.) रुग्णालयात प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातील पहिले हृदयारोपण केले, रुग्ण मात्र काही तासच जगला. हार्व्हर्ड विद्यापीठाच्या समितीने मेंदूमृत्यूचे निकष प्रसिद्ध केले, ते त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये. भारतात या मृत्यूस कायद्याचा आधार मिळण्यास आणखी २६ वर्षे लागली. मुंबई राज्याच्या १९५७ च्या स्वच्छमंडल-रोपणविषयक कायद्यास ही अडचण नव्हती. कारण हृदय थांबल्यानंतरही स्वच्छमंडल उपयोगी पडते.

गोवा, हिमाचल प्रदेश व महाराष्ट्र यांच्या विधिमंडळांच्या ठरावांवरून संसदेने १९९४ मध्ये मानवी अवयव प्रतिरोपण अधिनियम संमत केला. तो या राज्यांत ४ फेब्रुवारी १९९५ पासून अंमलात आला. त्यानुसार चार वैद्यांचे मंडळ मेंदूमृत्यू प्रमाणित करते. रुग्णालयाचा प्रमुख वैद्य, शासनमान्य यादीतील स्वतंत्र तज्ज्ञ, तंत्रिकातज्ज्ञ किंवा तंत्रिका शल्यचिकित्सक आणि उपचार करणारा वैद्य असे हे चौघे होत. किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा चाचण्या घ्याव्या लागतात. तंत्रिकातज्ज्ञ नसल्यास इतर तज्ज्ञांना नेमण्याची मुभा २०११ च्या दुरुस्तीने दिली. मात्र ते प्रतिरोपण पथकातील नसावेत, अशी अट घातली. ज्याला अवयव हवा आहे, त्याने मृत्यू ठरवू नये, हे यामागील तत्त्व होय.

या कायद्यात संमती लागते ती अवयव काढण्यास. मृत्यूच्या निदानास नव्हे. जपानच्या १९९७ च्या कायद्याने मात्र निदानासाठीही दात्याचे पूर्वलिखित मत व कुटुंबाची मान्यता आवश्यक मानली होती. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याने १९९१ मध्ये धार्मिक हरकतीस मान्यता दिली.

भारतीय कायद्यातील खरी अडचण वेगळी आहे. मेंदूमृत्यूची व्याख्या प्रतिरोपणाच्या कायद्यात आहे. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमात मात्र जीवनाचा सर्व पुरावा कायमचा नाहीसा होणे म्हणजे मृत्यू, असे म्हटले आहे. त्यामुळे कुटुंबाने दान नाकारल्यास श्वसनयंत्र बंद करण्यास वैद्य कचरतात. दानास होकार दिला तर माणूस मृत आणि नकार दिला तर तो उपचाराधीन, अशी विसंगती त्यातून उद्‌भवते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निर्णयाने ती दूर होत नाही. कारण तो जिवंत, पण असाध्य अवस्थेतील रुग्णांच्या उपचारांविषयी आहे. केरळ शासनाने २०२० मध्ये मेंदूमृत्यूचे प्रमाणीकरण अवयवदानापासून स्वतंत्र मानणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली.

नैतिक दृष्ट्या येथे दोन कृती वेगळ्या ठेवणे आवश्यक ठरते. मृत्यू झाल्याचे आप्तांना समजेल अशा भाषेत सांगणे, ही पहिली. दानाविषयी विचारणे, ही दुसरी. पहिलीत माहिती मिळण्याचा हक्क आहे, दुसरीत नकार देण्याचा. त्या नकाराने मृत्यूची वेळ बदलत नाही.