शालेय वर्षाची अखेर : काल आणि आज

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही इतिहासविषयक लिहावे, अशी संपादक मंडळाची सूचना आली तेव्हा मार्च महिना चालू होता. आमच्या वसाहतीत त्या दिवसांत घरोघर दोनच विषयांची चर्चा असते : मुलांच्या वार्षिक परीक्षा आणि बदल्यांची यादी. केंद्र सरकारच्या नोकरीत आयुष्याची तीस वर्षे काढल्यावर या दोन गोष्टी आम्हांस निरनिराळ्या वाटेनाशा झाल्या आहेत. मुलांची दप्तरे आणि सामानाच्या पेट्या आमच्या घरी कित्येकदा एकाच आठवड्यात आवरल्या गेल्या. तेव्हा राजेरजवाड्यांचा इतिहास अधिक अधिकारी लेखणीवर सोपवून, शाळेचे वर्ष आपल्याकडे कसकसे संपत आले, याचाच थोडा मागोवा घ्यावा असे आम्ही ठरविले.

वास्तविक ‘शालेय वर्ष’ ही गोष्ट आपल्याकडे फारशी जुनी नाही. पेशवाईत आणि त्यानंतरही काही काळ गावोगावी पंतोजींच्या शाळा असत. देवळाच्या ओवरीत किंवा एखाद्या वाड्याच्या पडवीत मुले बसत, धूळपाटीवर अक्षरे गिरवीत, पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी घोकीत आणि मोडीचे वळण घटवीत. इयत्ता नव्हत्या, छापील पुस्तके नव्हती. दसऱ्यास पाटीपूजन करून मूल शाळेत बसे आणि हिशेब व पत्रलेखन बऱ्यापैकी येऊ लागले की वडिलांच्या हाताखाली कामाला लागे. सर्व मुलांनी एकाच दिवशी एक इयत्ता संपवून दुसरीत जावे, हा प्रकारच तेथे नव्हता. त्यामुळे निकाल नव्हता आणि निरोपही नव्हता. अर्थात ही शाळाही गावातील थोड्या घरांच्या मुलग्यांपुरतीच होती. मुलींना आणि अस्पृश्य मानलेल्या जातींना तिचे दार बंद होते, हे विसरून त्या काळाचे गोडवे गाण्यात अर्थ नाही.

१८२२ मध्ये मुंबईत शाळा आणि शालेय पुस्तके यांच्यासाठी मंडळी स्थापन झाली, मराठीत क्रमिक पुस्तके छापली जाऊ लागली आणि ठरीव पुस्तकाबरोबर ठरीव इयत्ता आली. पुढे १८५५ मध्ये मुंबई इलाख्यात सरकारचे स्वतंत्र शिक्षण खाते निघाले. इयत्ता आली तशी ती संपल्याची खूणही हवी झाली. ती खूण म्हणजे वार्षिक परीक्षा. परंतु आरंभीची ही परीक्षा आजच्यासारखी दाराआड, मुकाट्याने कागद लिहिण्याची नव्हती. ती जाहीर परीक्षा असे. गावातील प्रतिष्ठित मंडळी, साहेब अधिकारी आणि मुलांचे आईबाप यांच्यासमोर मुलांना उभे करून वाचावयास लावीत, तोंडी हिशेब घालीत, प्रश्न विचारीत आणि शेवटी बक्षिसे वाटीत.

अशा परीक्षांपैकी ज्यांची नोंद आपल्या सामाजिक इतिहासात कायमची झाली आहे, त्या पुण्यातील जोतीराव फुले यांच्या मुलींच्या शाळांच्या परीक्षा होत. १८४८ मध्ये त्यांनी मुलींची पहिली शाळा काढली. सावित्रीबाईंनी शिकविण्याचे काम अंगावर घेतले आणि त्यापायी किती अपमान सोसला, हे सर्वश्रुत आहे. पाचच वर्षांनी, १८५३ च्या फेब्रुवारीत, या शाळांची वार्षिक परीक्षा पुण्यात जाहीर रीतीने घेण्यात आली. २३७ मुली परीक्षेस बसल्या आणि ती पाहण्यास सुमारे तीन हजार माणसे लोटली. ज्या शहरात मुलीने पुस्तक हाती धरले तर अनर्थ होईल असे सांगितले जात होते, त्याच शहरात मुली भर सभेत उभ्या राहून उत्तरे देत होत्या. शाळेच्या चालकांना या परीक्षेने दोन गोष्टी साधता आल्या. शाळा वर्गणीवर चालत असे. ज्यांनी पैसा दिला त्यांस तो कशाच्या कारणी लागला हे पाहावयास मिळाले. आणि ज्यांनी विरोध केला त्यांसही ते पाहावे लागले. वर्षअखेर हा शाळेने समाजाला द्यावयाचा हिशेब होता, असे म्हटले तर ते वावगे होणार नाही.

सरकारी खात्याचा पसारा वाढला तसा हिशेब घेणारा बदलला. समाजाच्या जागी ‘डिपुटी’ म्हणजे तपासणी अधिकारी आला. १८६० नंतरच्या दशकात मुंबई इलाख्यात खाजगी शाळांचे अनुदान परीक्षेच्या निकालावर बांधण्याची पद्धत सुरू झाली. किती मुले उत्तीर्ण, त्यावर किती रुपये, असा तो सरळ व्यवहार होता. परीक्षेच्या दिवसापुरती मुले गोळा करणे, नेमके तेवढेच घोकून घेणे, ही दुखणी त्याच पद्धतीबरोबर आली. तरीही गावाचा त्या दिवसाशी संबंध तुटला नाही. साहेब येणार म्हणून शाळा सारवली जाई, आंब्याची तोरणे बांधली जात, मुले धुतलेले सदरे घालून बसत आणि मास्तरांच्या पोटात मुलांपेक्षा मोठा गोळा उठे. मराठी सातवी किंवा ‘व्हर्नाक्युलर फायनल’ झालेला मुलगा मास्तर वा तलाठी होऊ शके. म्हणून त्या निकालाकडे साऱ्या घराचे डोळे लागलेले असत.

त्यानंतर आली मॅट्रिक. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले आणि १८५९ मध्ये त्याची पहिली प्रवेशपरीक्षा झाली. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या पहिल्या तुकडीतील होत. या परीक्षेने शिक्षणाची उंची वाढविली, परंतु वर्षअखेरीचे रूपही पार पालटून टाकले. परीक्षा गावातून उठून दूरच्या केंद्रावर गेली. मुलाच्या नावाच्या जागी आसनक्रमांक आला आणि उत्तरे कोणी ऐकेनासे झाले. ती कोणा अनोळखी परीक्षकाने वाचावयाची. स्वातंत्र्यानंतर मॅट्रिकची जागा शालान्त परीक्षेने घेतली, १९७५ मध्ये जुन्या अकरावीऐवजी नवी दहावी आली, पण परीक्षेचा हा एकाकीपणा कायमच राहिला.

आमच्या मते, शाळेच्या वर्षअखेरीत जे सामुदायिक होते ते परीक्षेतून गेले आणि दुसऱ्या वाटांनी परत आले. स्नेहसंमेलन ही पहिली वाट. आम्ही सातारा जिल्ह्यातील एका गावी शिकलो. थंडीत ‘गॅदरिंग’ची तालीम सुरू झाली की वर्ष उताराला लागले असे समजावे. बाकांवर फळ्या टाकून रंगमंच उभा राही, कोणाच्या तरी आजीचे नऊवारी लुगडे शिवाजीमहाराजांच्या दरबाराचा पडदा होई आणि एरवी छडी उगारणारे गुरुजी फिशपाँडमधील टोमणे हसून ऐकून घेत. दुसरी वाट निरोप समारंभाची. नववीच्या मुलांनी दहावीच्या मुलांना चिवडा-पेढा द्यावयाचा, दोघातिघांनी भाषण करता करता रडावयाचे आणि मुख्याध्यापकांनी मध्ये बसून समूहचित्र काढून घ्यावयाचे, हा क्रम कधी चुकला नाही. आणि तिसरी गोष्ट निकालाची. प्राथमिक शाळेत तो १ मे रोजी लागे. महाराष्ट्र दिनाचे झेंडावंदन झाले की गुरुजी प्रगतिपुस्तके वाटीत. आमच्या बालमनात राज्याचा जन्मदिवस आणि आमचे वरच्या वर्गात जाणे या दोन घटना कितीतरी वर्षे एकच होत्या. त्याच दिवशी सायंकाळी जुनी पुस्तके निम्म्या किमतीस हातोहात जात, आणि पुढील इयत्तेचे पुस्तक कव्हर घालून उशाशी ठेवून आम्ही झोपत असू.

महाराष्ट्राबाहेर मराठी मुलांचे वर्ष कसे संपले? बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथे मराठी राज्यकर्ते असल्यामुळे मराठी शाळांना आश्रय होता. सयाजीराव महाराजांनी तर १९०६ मध्ये आपल्या सर्व राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. हैदराबादेत विवेक वर्धिनी, दिल्लीत नूतन मराठी यांसारख्या संस्था तेथील मराठी लोकांनी स्वतःच्या हिमतीवर उभारल्या. अशा शाळांच्या संमेलनास केवळ मुलांचे आईबाप येत नसत, गावातील सारा मराठी समाज लोटे. बाजारात, कचेरीत, शेजारात जी भाषा कानी पडत नसे ती त्या दिवशी व्यासपीठावरून मोठ्याने ऐकावयास मिळे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र परप्रांतीचा मराठी माणूस बदलला. एका गावी पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्यांच्या जोडीला रेल्वे, टपाल, संरक्षण, बँका आणि सरकारी कारखाने यांतून दर तीनचार वर्षांनी हलणारी आमच्यासारखी कुटुंबे आली. त्यांच्या मुलांची अडचण निराळी होती. प्रत्येक राज्याचे पुस्तक वेगळे आणि वर्षाची अखेरही वेगळी. कोठे मार्चमध्ये, कोठे एप्रिलमध्ये, तर डोंगराळ थंड प्रदेशात हिवाळ्यापूर्वीच शाळेचे वर्ष आटोपते. या अडचणीची दखल दिल्लीने घेतली. १९६२ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाची पुनर्रचना झाली आणि बदलीच्या नोकरीतील कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी दुसऱ्या वेतन आयोगाच्या शिफारशीस अनुसरून १९६३ पासून केंद्रीय विद्यालये निघाली. पलटणींच्या वीस शाळांपासून आरंभ झालेली ही विद्यालये आज बाराशेहून अधिक आहेत. आमच्या खात्यातील हजारो मुलांची वर्षे या योजनेने वाचविली, याबद्दल आम्ही सदैव कृतज्ञ आहोत. सर्वत्र एकच पुस्तक आणि एकच वर्षअखेर, हा लाभ लहान नव्हे. परंतु त्या एका पुस्तकात मराठीला जागा नव्हती, आणि सर्व देशासाठी काढलेल्या शाळेकडून तशी अपेक्षा करणेही रास्त झाले नसते. ते काम घराचे आणि मंडळाचे होते.

येथे एक घरची गोष्ट सांगण्याची परवानगी घेतो. शिलाँगला असताना आमच्या निवासाजवळ केंद्रीय विद्यालय नव्हते, म्हणून मुलीस एका खाजगी शाळेत घातले. तेथे वर्ष फेब्रुवारीत सुरू होऊन डिसेंबरात संपे. ती चौथीत असता जूनमध्ये आमची या गावी बदली झाली. येथील शाळांचे वर्ष एप्रिलमध्येच सुरू झालेले. एका शाळेने प्रवेश संपले म्हणून परत पाठविले, दुसरीने घेतले पण तीन महिन्यांचा अभ्यास मागे राहिल्याची समज देऊन. मुलीला परीक्षा मिळाली नाही, निकाल मिळाला नाही आणि मैत्रिणींचा निरोप घेण्यास शाळेचा एक दिवसही मिळाला नाही. तिच्या हाती प्रगतिपुस्तकाऐवजी केवळ शाळा सोडल्याचा दाखला होता. “बाबा, मी पास की नापास?” असे तिने विचारले, तेव्हा दिवसभर इतरांच्या अर्जांना उत्तरे देणाऱ्या आमच्यापाशी उत्तर नव्हते.

त्या पावसाळ्यात आम्ही मंडळाच्या रविवारच्या मराठी वर्गात तिचे नाव घातले. वर्ग पंधरा-वीस मुलांचा, शिकविणाऱ्या दोन काकू आणि फळा मंडळाच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकविलेला. मार्चअखेरच्या रविवारी सर्व पालकांस बोलाविण्यात आले. एकेका मुलाने उभे राहून एक उतारा वाचावयाचा, सभेतून कोणीही प्रश्न विचारावा आणि मुलाने मराठीतच उत्तर द्यावे, अशी रीत होती. आमच्या मुलीने ‘ळ’ नीट उच्चारला नाही म्हणून मागे बसलेल्या एका आजोबांनी तिच्याकडून ‘कमळ’ तीनदा म्हणवून घेतले आणि तिसऱ्या वेळी स्वतःच टाळी वाजविली. नंतर त्या वर्षी बदली झालेल्या दोन कुटुंबांतील मुलांना नारळ आणि एकेक पुस्तक देऊन निरोप दिला. ज्यांची शाळा मध्येच सुटली होती त्यांचेही वर्ष येथे रीतसर संपले. घरी येताना मुलगी म्हणाली, “आता मी पास.” पुण्याच्या १८५३ च्या परीक्षेविषयी आम्ही पुढे वाचले, तेव्हा आम्हांस तो रविवार आठवल्यावाचून राहिला नाही.

गेल्या काही वर्षांत हा वर्ग अनियमित झाला आहे. कारणे सर्वांस ठाऊक आहेत : अंतरे वाढली, शिकवण्या वाढल्या, रविवार मोकळा राहिला नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आपण सभागृहात दिवे लावले, भाषणे केली. ते योग्यच झाले. परंतु भाषेला मिळालेला मान आणि मुलाच्या तोंडी असलेली भाषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली दिल्लीहून येऊ शकते, दुसरी आपल्या फळ्यापासूनच सुरू व्हावयास हवी.

म्हणून या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने कार्यकारिणीस आमची एक नम्र सूचना आहे. मोठी योजना नको. दर वर्षी मार्चच्या शेवटच्या रविवारी मुलांची जाहीर परीक्षा पुन्हा घ्यावी. वाचन मुलांनी करावे, ऐकावे सर्वांनी. त्या वर्षी गाव सोडणाऱ्या मुलांस निरोप द्यावा आणि नव्याने आलेल्यांची नावे वहीत लिहून घ्यावीत. काकूंची ती जुनी हजेरीवही आम्ही मुद्दाम पाहून आलो. मंडळाच्या कपाटात ती अजून आहे आणि तिच्यातील बरीच पाने कोरी आहेत.