परागंदा भिक्षू आणि सार्थाची वाट

महाराष्ट्राच्या प्राचीन इतिहासावरील कोणतेही पुस्तक उघडावे, सातव्या शतकाचे प्रकरण आले की तेथे ह्युएनत्संग भेटतोच. इथली माणसे मानी आणि साधी आहेत; उपकार विसरत नाहीत, तसा अपकारही विसरत नाहीत; संकटात सापडलेल्याने आश्रय मागितला तर स्वतःचा विचार न करता धावून जातात; सूड घ्यायचा झाला तर शत्रूला आधी सूचना देतात आणि शरण आलेल्याला मारत नाहीत, अशा आशयाची त्याची नोंद आपल्याला सुपरिचित आहे. एक मेच्या व्याख्यानांत ती हमखास ऐकू येते. एका परक्या, निःपक्षपाती विद्वानाने मराठी माणसाला दिलेले प्रशस्तिपत्र म्हणून आपण ती जपून ठेवली आहे. परंतु हे लिहिणारा मनुष्य स्वतःच्या सम्राटाची आज्ञा मोडून, पकडण्याचा हुकूम पाठीशी असताना, रात्रीच्या अंधारात सीमा ओलांडून निघालेला परागंदा होता, ही गोष्ट त्याच व्याख्यानांत सहसा कोणी सांगत नाही. आमच्या मते ती ठाऊक असल्यावाचून त्या प्रशस्तिपत्रातील शब्दांचे वजन कळत नाही.

प्रथम एका शब्दाविषयी. एकत्र प्रवास करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या समूहाला संस्कृतात ‘सार्थ’ म्हणत आणि त्याच्या म्होरक्याला ‘सार्थवाह’. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात सिंहल नावाच्या व्यापाऱ्याची कथा भिंतभर रंगवलेली आहे, ती अशाच प्रवासाची. आमच्या विदर्भात याच अर्थाचा शब्द ‘तांडा’. आज आर्वीच्या आसपास तांडा म्हटला की बंजाऱ्यांची वस्ती डोळ्यांपुढे येते. पण मूळचा तांडा हा चालता होता. १८६७ मध्ये नागपूरला रेल्वे पोहोचली, त्यापूर्वी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून थेट गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे. चालणारा तांडा थांबला आणि त्याचे नाव थांबलेल्या वस्तीला चिकटून राहिले. सार्थ काय किंवा तांडा काय, त्याचा नियम एकच असतो. एकट्याने चालायचे नाही. वाटेवरचा धोका सर्वांनी वाटून घ्यायचा.

ह्युएनत्संगाने हा नियम मोडूनच प्रवासाला आरंभ केला, कारण त्याला दुसरा मार्ग नव्हता. ६१८ मध्ये स्थापन झालेली तांग राजवट तेव्हा नवी होती. ६२६ मध्ये भावांचा वध करून आणि पित्याला बाजूला सारून ताइ-त्सुंग सिंहासनावर बसला. उत्तरेला तुर्कांचे भय होते आणि पश्चिमेकडची सीमा सामान्य प्रजेला बंद होती. प्रवाशाजवळ परवाना असावा लागे. त्यात माणसे, जनावरे आणि माल यांची नोंद असे. तुर्फानच्या वाळवंटातील थडग्यांत असे कागद सापडले आहेत. ७३२ सालच्या एका परवान्यात सोग्द वंशाच्या व्यापाऱ्यासोबतची माणसे आणि दहा गाढवे नोंदलेली आहेत. परवान्यावाचून सीमा ओलांडणाऱ्याला पुढे ६५३ च्या दंडसंहितेने दोन वर्षांची सक्तमजुरी सांगितली.

या भिक्षूला भारतात जायचे होते ते ग्रंथांसाठी. चिनी भाषांतरांत परस्परविरोध होते आणि मूळ संस्कृत पाहिल्यावाचून त्यांचा उलगडा होण्यासारखा नव्हता. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी परवानगीसाठी अर्ज केला, तो फेटाळला गेला. सहकारी मागे हटले, हा हटला नाही. त्या वर्षी हिमतुषाराने पिके बुडाली आणि अन्नाच्या शोधात हवे तिकडे जाण्याची मुभा राजधानीतील लोकांना मिळाली. दुष्काळाने बाहेर पडलेल्या त्या गर्दीत तो मिसळून गेला. हे वर्ष ६२९. काही अभ्यासक ६२७ मानतात. त्याचे वय सत्ताविशीच्या आगेमागे होते.

पुढचा वृत्तांत मुख्यतः त्याचा शिष्य ह्वेली याने लिहिलेल्या चरित्रात आहे. शिष्याने लिहिलेल्या गुरुचरित्रात स्वप्ने आणि चमत्कार यायचेच. ते वजा करूनही जे उरते ते विलक्षण आहे. लियांगचौच्या अधिकाऱ्याने त्याला परत फिरण्याची आज्ञा केली. तेथील एका वृद्ध भिक्षूने आपले दोन शिष्य देऊन त्याला गुपचूप पुढे काढून दिले. दिवसा लपायचे आणि रात्री चालायचे, अशा रीतीने तो ग्वाचौला पोहोचला. तोवर पकडण्याचा हुकूम त्याच्यामागोमाग तेथे आला होता. ली चांग नावाच्या अधिकाऱ्याने तो हुकूम त्याच्यापुढे धरला, हा भिक्षू तूच काय असे विचारले आणि खरे उत्तर मिळताच तो कागद त्याच्यादेखत फाडून टाकला. मात्र लवकर निघ, असे बजावले.

वाटाड्या म्हणून एक परदेशी तरुण मिळाला. त्याने एक म्हातारा आणला आणि म्हाताऱ्याने आपला हडकुळा तांबडा घोडा दिला. हा घोडा हामीच्या वाटेने पंधरा वेळा जाऊन आलेला होता. म्हाताऱ्याचे म्हणणे अनुभवाचे होते: मोठ्या जमावाने जाणारेही या वाळूत वाट चुकतात, तेथे एकट्याचा काय पाड? तरीही ते निघाले. पहिल्याच रात्री नदी ओलांडून झोपले असता वाटाड्या उठला आणि सुरा उपसून भिक्षूच्या दिशेने आला. काही पावलांवर थबकला आणि माघारी गेला. सकाळी त्याने मनातले सांगितले. तू पकडला गेलास तर माझे नाव सांगशील, मग माझी धडगत नाही. आपल्या देहाचे तुकडे झाले तरी तुझे नाव घेणार नाही, अशी शपथ ह्युएनत्संगाने वाहिली आणि त्याला घोडा देऊन मोकळे केले. परागंदा माणसाची सोबत ही सोबत्यालाही गोत्यात आणणारी असते. त्या तरुणाला कृतघ्न ठरवणे सोपे आहे. आम्हांस ते योग्य वाटत नाही.

पुढे टेहळणीचे पाच बुरूज. पहिल्याच बुरुजापाशी पाणी भरताना एक बाण गुडघ्याला चाटून गेला. पण तेथील नायकाने त्याला अडवण्याऐवजी पाणी आणि पीठ देऊन पुढची वाट दाखवली. मग वाळवंटात पाण्याची पखाल हातून निसटली. चार रात्री आणि पाच दिवस घशाला थेंब नाही. तो काही अंतर मागे वळला आणि पुन्हा पश्चिमेकडेच फिरला. अखेर त्या म्हाताऱ्या घोड्यालाच पाण्याचा वास लागला. पंधरा फेऱ्यांचे शहाणपण असे उपयोगी पडले.

तुर्फानच्या राजाने त्याला सन्मानाने आणि हट्टाने डांबून ठेवले. तू येथेच राहून उपदेश कर, नाहीतर परत चीनला पाठवतो, असा पेच घातला. भिक्षूने अन्नपाणी वर्ज्य केले तेव्हा राजा नमला. निघताना त्याने तीस घोडे, सोने, चांदीची नाणी आणि रेशमाची पाचशे थाने दिली. वाटेतील राज्यांसाठी चोवीस पत्रे दिली आणि प्रत्येक पत्रासोबत रेशमी वस्त्राचे एक थान. तांग काळात रेशमाचे थान हे वस्त्र होते तसे चलनही होते, हे लक्षात घेतले म्हणजे या देणगीचा अर्थ कळतो. हुकमाच्या भयाने एकटा लपत आलेला भिक्षू येथून पुढे घोडे, माल आणि शिफारशी असलेला सार्थाचा प्रवासी झाला.

आता वाट सुखाची व्हायला हवी होती. पण ज्याच्याजवळ माल त्याच्यामागे चोर. काराशहरकडे जाताना लुटारू भेटले. त्यांना द्यायचे ते देऊन सुटका झाली. त्या रात्री सर्वांनी नदीकाठी मुक्काम केला. सोबतच्या परदेशी व्यापाऱ्यांपैकी काही डझन जणांना इतरांच्या आधी बाजार गाठायचा होता. पहिल्याने पोहोचणाऱ्याला चांगला भाव मिळतो, हा व्यापाराचा जुना नियम. मध्यरात्री कोणाला न सांगता ते निघून गेले. सकाळी उरलेला तांडा काही अंतर पुढे जातो तो त्यांची प्रेते पडलेली. माल नाहीसा, जिवंत एकही नाही. कुचाच्या पुढे सुमारे दोन हजार घोडेस्वार लुटारू आडवे आले, पण आधीच्या लुटीच्या वाटणीवरून त्यांच्यातच भांडण जुंपले आणि ते पांगले. त्यानंतर तिएनशानचे हिमपर्वत. ते ओलांडायला सात दिवस लागले आणि तेवढ्यात दहापैकी तीन-चार माणसे थंडीने व उपासमारीने मेली. बैल आणि घोडे त्याहून अधिक.

मध्यरात्री निघून गेलेल्या त्या व्यापाऱ्यांची गोष्ट आम्हांस सार्थाच्या सबंध इतिहासाचे सार वाटते. सार्थ टिकतो तो त्यातील प्रत्येकाने आपला थोडा नफा इतरांच्या सुरक्षिततेसाठी सोडण्यावर. ज्या क्षणी काहींना तो नफा सोडवेनासा होतो, त्या क्षणी सार्थ संपतो. आणि सार्थाबाहेर राहिलेल्याची दशा काय होते? १९०७ मध्ये ऑरेल स्टाइनला दुनहुआंगच्या पश्चिमेला, एका टेहळणी बुरुजाच्या अवशेषांत, चौथ्या शतकाच्या आरंभीची सोग्द भाषेतील पत्रे सापडली. त्यांत मिवनाय नावाच्या स्त्रीची पत्रे आहेत. नवऱ्याने तिला दुनहुआंगला टाकून दिले होते. सार्थ येत होते, जात होते. तिला सोबत नेणारे कोणी मिळत नव्हते. ती पत्रे बहुधा पोहोचलीच नाहीत.

हा सारा अनुभव गाठीशी घेऊन आणि नालंदेत वर्षानुवर्षे अध्ययन करून ह्युएनत्संग ६४१ च्या सुमारास दक्षिणेकडून महाराष्ट्रात आला. येथे बदामीचा चालुक्य दुसरा पुलकेशी राज्य करीत होता. हर्षाने पूर्व-पश्चिम जिंकली पण या लोकांना तो नमवू शकला नाही, हे ह्युएनत्संगाने लिहिले. हर्ष त्याचा आश्रयदाता असूनही लिहिले. शंभरावर विहार आणि सुमारे पाच हजार भिक्षू असल्याची नोंद केली. युद्धापूर्वी वीर मद्य पितात आणि हत्तींनाही पाजतात, हेही सांगितले. राज्याच्या पूर्व सीमेवरील डोंगरातील एका लेणीविहाराचे, त्याच्या बाहेरील दगडी हत्तींचे वर्णन त्याने केले आहे. ते अजिंठ्याचे मानले जाते आणि असे हत्ती तेथील सोळाव्या लेण्याशी आजही उभे आहेत. ते लेणे कोरवून घेणारा वराहदेव हा वत्सगुल्म, म्हणजे आपल्या वाशीमच्या वाकाटक हरिषेणाचा मंत्री.

आता ते प्रशस्तिपत्र पुन्हा वाचावे. जमीन, हवा, पिके, विहार या गोष्टी तो प्रत्येक देशाविषयी लिहितो. येथे मात्र संकटातील माणसाला आश्रय देणे आणि शरणागताला न मारणे या दोन गोष्टी त्याला मुद्दाम टिपाव्याशा वाटल्या. ज्याने पाठीमागे हुकूम पाहिला, रात्री सुरा पाहिला, हुकूम फाडणारा अधिकारी आणि पाणी देणारा पहारेकरी पाहिला, त्याचा डोळा नेमका याच गोष्टींकडे जावा हे स्वाभाविक आहे. आपण त्या वाक्यांत स्वतःचा पराक्रम वाचतो. लिहिणाऱ्याने बहुधा आश्रयाची किंमत लिहिली होती.

परतीच्या वाटेवरही सार्थ होताच. पामीरच्या परिसरात लुटारू आले तेव्हा सोबतचे व्यापारी डोंगरावर पळाले आणि ग्रंथ वाहणारा हत्ती पाण्यात बुडाला. तुर्फानच्या राजाला परतताना भेटण्याचे वचन होते; पण ६४० मध्ये तांग सैन्याने ते राज्यच गिळंकृत केले आणि राजाही त्याच वर्षी निवर्तला. खोतानला पोहोचल्यावर ह्युएनत्संगाने सम्राटाला पत्र लिहून परवानगीवाचून गेल्याचा अपराध कबूल केला. ते पत्र राजधानीला नेले कोणी? व्यापाऱ्यांच्या सार्थासोबत निघालेल्या तुर्फानच्या एका तरुणाने. सात-आठ महिन्यांनी सम्राटाचे उत्तर आले. क्षमा तर मिळालीच, शिवाय स्वागताची आज्ञा सुटली. ६४५ मध्ये वीस घोड्यांवर लादलेले ६५७ ग्रंथ घेऊन तो राजधानीत आला. ज्याच्यासाठी पकडण्याचा हुकूम निघाला होता, त्याच्या दर्शनाला आता रस्ते अपुरे पडले. पुढच्याच वर्षी सम्राटाच्या सांगण्यावरून त्याने प्रवासवृत्तांत सिद्ध केला, आणि सातव्या शतकातील महाराष्ट्र आपल्याला लाभला.

२०२० च्या टाळेबंदीत नागपूरकडून उत्तरेला जाणारे महामार्ग पायी चालणाऱ्या मजुरांनी भरून गेले होते. जिल्ह्याची सीमा ओलांडायला पास लागत होता आणि तो त्यांच्याजवळ नव्हता. आमच्या भागात त्यांना भाकरी आणि पाणी देणारी गावे होती, तशी वेशीवर काट्या आडव्या टाकणारीही होती. दोन्ही प्रकारची माणसे मराठीच. त्या तांड्यांतून कोणी प्रवासवृत्त लिहिले, तर त्यात आपल्याविषयी कोणती वाक्ये असतील, याचा विचार तेराशे ऐंशी वर्षांपूर्वीचे प्रशस्तिपत्र वाचून दाखवताना आपण करावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.